बोकड आवडल्याप्रकरणी

नगरच्या सावेडीतल्या ‘अभिरुची चित्रपट मंडळा’च्या कार्यक्षेत्रात एका इसमाला चित्रपट आवडल्याची घटना नुकतीच घडली. असे प्रकार गावोगाव होत असतील, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु सदर चित्रपट होता ‘बदला बोकडाचा’ आणि सदर इसम होता आमच्या अध्यक्षांचा होणारा जावई. सबब मंडळाला दखल घेणं भाग पडलं. मी प्रवीण, मंडळाचा मानद कार्यवाह. जे घडलं ते कुणाचीही बाजू न घेता सांगतो. बाजू घ्यायची झाल्यास आधी बैठक बोलवावी लागते.

हा चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही, म्हणजे चारचौघांत विचारलं तर सर्वांनीच, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात देतो. एका गरीब माणसाचा खून होतो. एकमेव साक्षीदार त्याचा बोकड, नाव सरदार. सरदार सुडाची शपथ घेतो, ट्रॅक्टर चालवायला शिकतो, खलनायकाच्या वरातीत घुसून नाचतो आणि शेवटी कोर्टात साक्ष देतो. न्यायाधीशांना बोकडाची भाषा कळते, कारण त्यांचं बालपण शेळ्यांमागे गेलेलं असतं. मध्यंतराच्या आधी सरदार मालकाच्या फोटोला झेंडूचा हार घालतो. हार ताजा आहे, बोकड उपाशी आहे, आणि तरीही तो हार खात नाही. पडदाभर नुसते त्याचे डोळे दिसतात.

समीक्षकांनी चित्रपटाला एकमुखाने झोडपलं. एकाने अर्धा तारा दिला आणि तोही परत घेण्याचा हक्क राखून ठेवला. दुसऱ्याने लिहिलं की संपूर्ण चित्रपटात अभिनय फक्त बोकडाने केला आहे, तोही नाइलाजाने. प्रेक्षकही बाहेर पडताना नाकं मुरडत होते. जे तिसऱ्यांदा बाहेर पडत होते ते तर फारच मुरडत होते.

आता आमच्या मंडळाविषयी. आमच्याकडे मत आपोआप बनू देत नाहीत, ते निश्चित केलं जातं. सदस्याने चित्रपट पाहिला तरी समीक्षणं छापून येईपर्यंत चेहरा कोरा ठेवायचा. कोणी ‘कसा आहे?’ असं विचारलंच तर ‘बोलू सावकाश’ म्हणायचं. समीक्षणं आली की अध्यक्ष राधाकृष्ण सरांच्या बंगल्यावर मत-निश्चिती उपसमिती बसते, मत ठरतं, ते व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलं जातं आणि चहा निवायच्या आत सगळ्यांचे अंगठे येतात. या शिस्तीमुळे मंडळाच्या स्थापनेपासून आमच्या एकाही सदस्याचं मत चुकलेलं नाही. एकदा एका सदस्याने मत ठरण्याआधीच ‘बरा वाटला’ असं म्हटलं होतं, पण त्याची पुढे पुण्याला बदली झाली.

राधाकृष्ण सर हे कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. त्यांच्या तोंडून कुठल्याही गोष्टीला मिळालेली सर्वोच्च दाद म्हणजे ‘अगदीच टाकाऊ नाही’. ती मिळवायला माणसं वर्षानुवर्षं झटतात. त्यांची एकुलती एक मुलगी निकिता बँकेत आहे. तिचं लग्न हर्षलशी ठरलं होतं. हर्षल घोडेगावकडचा, वडील रंभाजी ऊस-कांद्याचे बागायतदार, मुलगा नगरच्या एमआयडीसीत इंजिनिअर. सुपारी फुटली होती, तारीख धरली होती, कार्यालय ठरलं होतं. सगळं सुरळीत होतं. फक्त मुलाची अभिरुची तपासायची राहून गेली होती. पत्रिका बघितली, जमीन बघितली, रक्तगटसुद्धा बघितला, पण पोरगा चित्रपटगृहात कसा वागतो हे बघायचं कुणाला सुचलं नाही.

त्या रविवारी दुपारच्या खेळाला मी स्वतः हजर होतो. कार्यवाहाला सर्वत्र असावं लागतं. माझ्या दोन रांगा पुढे आमच्या उपाध्यक्षा विजयमालाताई बसल्या होत्या. समाज किती खाली गेला आहे हे मोजायला त्या आल्या होत्या, आणि आधीच्या रविवारी मोजणी अपुरी राहिल्यामुळे पुन्हा आल्या होत्या. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. एवढ्यात मधल्या रांगेतून शिट्टी आली. बोकड ट्रॅक्टरवर चढला तेव्हा दुसरी आली. हाराच्या प्रसंगी तर तिथून चक्क मोठ्याने नाक शिंकरण्याचा आवाज आला. दिवे लागले आणि बघतो तर हर्षल. डोळे लाल, चेहऱ्यावर निखळ समाधान. इतकं समाधान मी आमच्या मंडळात कधी बघितलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मंडळाने डोळेझाक केली असती. अंधारात माणूस काय करतो याच्याशी आमचं देणंघेणं नाही. पण हर्षलने संध्याकाळी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं, ‘बदला बोकडाचा पाहिला. लई आवडला. हाराच्या सीनला रडलो. तुम्ही पण बघा.’ यातलं पहिलं वाक्य सोडून देण्याजोगं होतं. दुसरं गंभीर होतं. तिसरा कबुलीजबाब होता. आणि चौथं म्हणजे सरळ सरळ प्रसार.

राधाकृष्ण सरांनी तातडीची सभा बोलावली. प्रश्न अधिकाराचा होता. मंडळाची शिस्त ही सदस्य व त्याचे निकटचे नातलग यांना लागू आहे, आणि हर्षल अजून नातलग झालेला नव्हता. मी घटनेच्या चौकटीत राहून तोडगा काढला आणि त्याला ‘प्रस्तावित नातलग’ ठरवलं. त्यानुसार कारणे दाखवा नोटीस निघाली, ‘सदर चित्रपट आपणांस का आवडला, याची कारणे मुदतीत दाखवावीत, अन्यथा आपणांस काही सांगावयाचे नाही, असे समजून तो आवडला नाही, असे गृहीत धरले जाईल.’ यात पळवाट ठेवलेली होती, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात येईल. पोराने फक्त गप्प बसायचं होतं. सगळा देश असाच चाललेला आहे.

नोटीस द्यायला मी त्याच्या खोलीवर गेलो. कारणे दाखवा म्हटलं की माणसं साधारणपणे आजारपण दाखवतात. या मुलाने खरोखरच कारणं दाखवायला सुरुवात केली.

“काका, बसा ना. तो हार खात न्हाई बघा, तिथं मला लई भरून आलं.”

“अरे, पण त्यात भरून येण्यासारखं काय आहे?”

“आमचा आज्जा वारला तेव्हा तेराव्याला त्याच्या फोटोला हार घातला हुता. आमच्याच बोकडानं सगळ्या पाव्हण्यांसमोर खाल्ला. आज्ज्यानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. मला तेव्हा लई राग आल्ता त्याचा. आता ह्यो पडद्यावरचा बोकड भुकेला राहतो, पण हाराला तोंड लावत न्हाई. मला वाटलं, आपल्या आज्ज्याला कुणीतरी मान दिला.”

मी उत्तर लिहून घ्यायला पेन काढलं. पण नोटिशीच्या उत्तराच्या रकान्यात आज्जा बसेना, म्हणून मी ‘समाधानकारक खुलासा नाही’ असा शेरा मारला आणि निघालो.

मंडळ सुडाने वागत नाही. शिक्षेआधी सुधारणेची संधी देण्याचं आमचं धोरण आहे. त्याप्रमाणे हर्षलला अभिरुची संवर्धन वर्गाला बसवलं आणि एका थंड देशातला, जगभर नावाजलेला चित्रपट दाखवला. त्यात एक म्हातारा बंद दाराकडे बघत बसलेला असतो. संपूर्ण चित्रपटभर बघत असतो. आमचे सगळे सदस्य उघड्या डोळ्यांनी झोपले, ही आमची वर्षानुवर्षांची साधना. हर्षल मात्र तोंड उघडं टाकून घोरला. दिवे लागल्यावर चर्चा झाली. दार म्हणजे एकटेपण, असं विजयमालाताई म्हणाल्या. दार म्हणजे इतिहास, असं सर म्हणाले. दार म्हणजे एकटेपणाचा इतिहास, असं म्हणून मी दोघांचाही मान राखला.

“पण तो उठून दार उघडत का न्हाई?” हर्षलने विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आमच्यापैकी शेवटपर्यंत जागं राहिलेलं कुणी नसल्यामुळे त्याने दार उघडलं की नाही हेही कुणाला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला बंगल्यावर बोलावलं. विजयमालाताई होत्या, मी होतो. निकिता दाराशी उभी होती. सरांचा सूर त्या दिवशी बापाचा होता, हे मान्य केलं पाहिजे.

“हर्षल, तुझ्या भल्यासाठी सांगतो. तू एवढंच म्हण की चित्रपट इतका वाईट आहे की बघायला मजा आली. याला उपरोधिक आस्वाद म्हणतात. सुशिक्षितांना तो चालतो.”

“पण सर, मला तो वाईट न्हाई वाटला.”

“वाईट आहे हे सिद्ध झालेलं आहे.”

“कुणापुढं?”

“सर्वांपुढे.”

“मी तर न्हाई म्हणतोय.”

“म्हणूनच आपण इथे बसलो आहोत,” सर म्हणाले.

विजयमालाताईंनी मायेने विचारलं, “भाचा वगैरे होता का बरोबर? लहान मुलांना घेऊन गेलेल्यांना आपल्याकडे सवलत आहे.”

“एकटाच गेल्तो.”

“डोकं दुखत होतं?”

“न्हाई.”

“तिकीट कुणी फुकट दिलं होतं का रे?”

“रांगेत उभा राहून काढलं, मावशी.”

ताईंनी कपाळाला हात लावला. सर उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे राहूनच त्यांनी सांगितलं, की येत्या रविवारी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक होईल, मंडळ साक्षीला असेल, आणि त्या बैठकीत हर्षलने चित्रपट नापसंत असल्याचं हात वर करून जाहीर केलं नाही, तर हे लग्न होणार नाही.

निकिता मला सोडायला फाटकापर्यंत आली. मला वाटलं, ‘काका, त्याला समजवा’ असं म्हणेल. ती म्हणाली, “काका, तो हात वर करणार नाही ना?”

“अगं, केला नाही तर लग्न मोडेल.”

“आमच्या घरात कधीच कुणाला काही आवडलेलं नाही. आई सणाला दिवसभर राबते, बाबा दोन घास खाऊन म्हणतात, ‘प्रयत्न प्रामाणिक आहे.’ मी बँकेची परीक्षा पास झाले तेव्हा म्हणाले, ‘ठीक.’ हर्षल पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा आईनं शेंगोळे केले होते. तो म्हणाला, ‘लई भारी झालेत, अजून वाढा.’ आई आत जाऊन रडली, काका. मला ज्याला आवडलेलं आवडलं म्हणता येतं, असा माणूस पाहिजे. त्याची आवड कसली का असेना.”

मी म्हटलं, “बोलू सावकाश.” सवय वाईट असते.

रविवारी बंगल्याचा हॉल भरला. एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला हर्षलचे वडील रंभाजी आणि मामा गहिनीनाथ. हे गहिनीनाथ मामा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल. उंच, टोपी, खांद्यावर उपरणं. त्यांनी सगळा प्रकार नीट ऐकून घेतला. एका बोकडावरून पोराचं लग्न अडलं आहे एवढं कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला, कारण विषय त्यांच्या धंद्यातला होता.

“आस्सं व्हय! मग यात भांडन कशाला? सिनेमाचा भाव काढू की,” ते म्हणाले. “तुमच्याकडं भाव कशात बोलत्यात?”

“ताऱ्यांत,” मी म्हणालो. “पाचपैकी.”

“हाताला बोटंबी पाचच असत्यात.” मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. “आमच्या बाजारात कसं हाय, चारचौघांत भाव बोलला की मानूस शेजाऱ्याचं तोंड बघून बोलतो. म्हनून उपरनं टाकायचं, त्याच्याखाली हात द्यायचा आन् बोटं धरून आकडा सांगायचा. घेनाऱ्याला कळतंय, देनाऱ्याला कळतंय, तिसऱ्याला कळत न्हाई. एकदा का उपरन्याखाली आकडा दिला, की मग बाप आडवा आला तरी मानूस त्यो बदलत न्हाई. चला, एकेकानं हात द्या.”

मंडळात कुजबुज झाली. घटनेत अशी तरतूद नव्हती, पण तशी मनाईही नव्हती.

विजयमालाताईंनी तांत्रिक शंका काढली, “अर्धा तारा द्यायचा असेल तर?”

“बोट दुमडा, बाई.”

मग एकेक सदस्य गंभीर चेहऱ्याने पुढे झाला. उपरण्याखाली हात गेला, बाहेर आला. चेहरे तेच, मतदान करून आल्यासारखे. मामांचा चेहरा मात्र प्रत्येक हाताबरोबर उजळत चालला. विजयमालाताईंना त्यांनी ‘वा!’ म्हटलं. माझा आकडा इथे देणं औचित्याला धरून होणार नाही. मामांनी माझा हात दोन्ही हातांनी दाबला, एवढं सांगतो. सर्वांत शेवटी राधाकृष्ण सर उठले. त्यांनी उजवा हात आत घातला, जरा थांबले, आणि मग इकडेतिकडे बघून डावाही घातला. हे मी पाहिलं. उपरणं पातळ होतं.

मामांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. “झालं की मग! उरकलं! दाजी, पेढं काढा.”

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“भाव जमला. आता आडलं कुठं?”

“गैरसमज होतोय, पाहुणे,” सर शांतपणे म्हणाले. “आत्ता झालं ते खासगी होतं. मंडळाचं मत अजून यायचं आहे. कार्यवाह, ठराव मांडा.”

मी ठराव मांडला, ‘‘बदला बोकडाचा’ हा चित्रपट सर्वथा टाकाऊ असून तो कोणाही सुजाण व्यक्तीस आवडणे शक्य नाही. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.’

सगळे हात वर गेले. तेच हात. मामा एकेका हाताकडे बघत राहिले. बाजारात त्यांनी दात कोरून वय लपवलेले बैल बघितले असतील, पण असा माल त्यांच्या बघण्यात आलेला दिसत नव्हता.

“आवो, आत्ता तर तुमी मला...” ते बोलायला लागले आणि थांबले. उपरण्याखालचा आकडा तिसऱ्याला सांगायचा नाही हा त्यांचा नियम. उभ्या आयुष्यात तो मोडायची वेळ आली नव्हती, कारण तिकडे आकडा देणारा तो पाळतो. चूक त्यांचीच म्हणायची. घोडेगावचा नियम ते सावेडीत घेऊन आले होते. ते खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आता फक्त हर्षल उरला. सरांनी त्याच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

रंभाजी त्याच्या कानाशी झुकले, पण शेतावर बोलायची सवय असल्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. “पोरा, कर वर. हात वर करायला काय जातंय? मी गरामसभेत रोज करतो. ठराव कशाचा हाय ते घरी येऊन इचारतो.”

हर्षलने निकिताकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, नुसती त्याच्याकडे बघत होती. त्या पोराच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मला वाचता आलं. त्याला ती हवी होती. फार हवी होती. आणि इथे जमलेल्या सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांनी त्याला सांगून ठेवलं होतं की तिच्यापर्यंत जायचा रस्ता या एका हातावरून जातो. त्याने हात उचलला. आधी खांद्यापर्यंत, मग सरांची नजर बघून अजून थोडा वर.

“बोलूनही दाखव,” सर म्हणाले.

“वाईट हाय सिनेमा,” हर्षल म्हणाला. “उगंच... मजा म्हणून गेल्तो.”

टाळ्या पडल्या. विजयमालाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सर उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “अगदीच टाकाऊ नाहीस.” हे वाक्य ऐकायला मी अजून थांबलेलो आहे. मी तिथल्या तिथे हर्षलला मंडळाचं सदस्यत्व जाहीर केलं. रंभाजींनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.

“बाबा,” निकिता दारातूनच म्हणाली, “मला हे लग्न करायचं नाही.”

कुणालाच नीट ऐकू आलं नाही, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू आलं.

“आता काय झालं?” सर म्हणाले. “तुझ्यासाठीच तर हे सगळं केलं. आता तो पूर्णपणे आपल्यातला झालाय!”

“हो,” निकिता म्हणाली. “आपल्यातला एक मला लहानपणापासून पुरलाय. दुसरा नको.”

हर्षल उभा राहिला. “निकिता, तुझ्यासाठीच केला गं हात वर.”

“माहितीय मला.” तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. “उद्या मी समोर ताट ठेवीन आणि तू म्हणशील, लई भारी. आणि मला कळणार नाही की ते खरंच आवडलंय की हात वर केलाय. तेवढी एकच गोष्ट मला तुझ्याकडून पाहिजे होती रे.”

ती आत गेली. निकिताची आई, जी इतका वेळ कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तिच्या पाठोपाठ आत गेली आणि दाराला आतून कडी लागली. आम्ही सगळे त्या बंद दाराकडे बघत बसलो. गहिनीनाथ मामा उठले, भाच्याच्या दंडाला धरलं आणि कुणाचा निरोप न घेता बाहेर पडले. पेढ्यांचा पुडा टीपॉयवर राहिला. तो नंतर आम्ही संपवला. पेढे अगदीच टाकाऊ नव्हते.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, रात्री जेवणही गेलं नाही. पण वाईट वाटल्याची नोंद घेण्याची सोय आमच्या इतिवृत्तात नाही. त्यात एवढंच लिहिलं आहे की ठराव एकमताने मंजूर झाला आणि अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली.

त्यानंतरच्या आठवड्यात ‘बदला बोकडाचा’ नगरमधून उतरणार होता. शेवटच्या खेळाला मी गेलो होतो. आश्चर्य म्हणजे गर्दी होती. सावेडीची निम्मी वस्ती होती म्हटलं तरी चालेल, पण मी शपथेवर कुणाचंच नाव सांगू शकणार नाही, कारण जो तो स्कार्फ नाहीतर रुमाल तोंडावर बांधून बसला होता. उन्हाचे दिवस आहेत. मीही बांधला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत हर्षल होता, खांद्यांवरून ओळखला. त्याच्याही तोंडावर रुमाल होता. नवीन सदस्य लवकर तयार झाला म्हणायचा.

तोंड उघडं असलेली एकच व्यक्ती होती. निकिता, मधल्या रांगेत, एकटी.

बोकड ट्रॅक्टरवर चढला आणि ती हसली. तोंडावर हात न धरता, मान मागे टाकून, मोठ्याने. मग तिने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा प्रयत्न केला. आयुष्यात कधी मारली नसावी, नुसती हवा गेली. तिने पुन्हा मारली, आणि या वेळी वाजली. तेवढ्या अंधारात मला वाटून गेलं की आपणही हसावं. आजूबाजूच्या रुमालांनाही तसं वाटलं असावं, कारण खुर्च्या करकरल्या आणि एक लाट उठायच्या बेतात आली. एकाने सुरुवात केली असती तर अख्खं थिएटर हसलं असतं. कोपऱ्यातला तो पोरगा तर अर्धा उठलासुद्धा होता.

तेवढ्यात कुणीतरी दरडावलं, “शूऽऽऽ!”

हर्षल खाली बसला. निकिताने वळून पाहिलं, पर्स उचलली आणि खेळ अर्ध्यात टाकून ती निघून गेली.

तो आवाज कुणाचा याची मी माझ्या परीने चौकशी केली. तो सरांचा नव्हता. सर माझ्या डावीकडे होते आणि रुमालात तोंड खुपसून हसू दाबत होते. विजयमालाताईंचाही नव्हता. मंडळाचे लोक अंधारात आवाज करत नाहीत. आवाज मागच्या रांगेतून आला, माझ्या बरोबर पाठीमागून. मी वळून बघितलं नाही, कारण मला ओळख द्यायची नव्हती. पण वाचकहो, तुम्हाला तरी काय गरज होती? अजून थोडा वेळ गप्प बसला असतात, तर ती दोघं एकत्र हसली असती.